तन्वीचं दळण

गिरणीच्या पायरीवर डबा टेकवायच्या आधी बाई विचारते, "काकू, आत्ता कशावर चालू आहे?" म्हणजे या घडीला दगडाखाली कुठलं धान्य आहे. तांदळावर चालू असेल तर तांदूळवाली खूश आणि गहूवालीचं तोंड वाकडं. गव्हावर चालू असेल तर उलट. तेहेतीस वर्षं मी हा प्रश्न ऐकला. गेल्या वर्षी गिरणीचा पट्टा कायमचा उतरवला, तरी अजून कुणी दारात आलं की मला वाटतं, आता हा विचारणार, कशावर चालू आहे.

मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची पिठाची गिरणी होती. सुरू केली आमच्या ह्यांनी. पिठाच्या धुळीनं त्यांची छाती धरली, डॉक्टरांनी गिरणीत पाऊल टाकायचं नाही असं बजावलं, आणि मी पदर खोचून उभी राहिले. बायकांनी दळण आणायचं असतं, दळायचं नसतं, असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांचीही दळणं मीच दळली.

ज्यांनी फक्त पिशवीतलं आयतं पीठ पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. गिरणीत दोन दगड असतात. एक जागच्या जागी, दुसरा फिरता. वर पत्र्याच्या टोपल्यात धान्य ओतायचं, ते दगडांच्या मध्ये जातं आणि खाली बांधलेल्या कापडी बाहीतून पीठ होऊन डब्यात पडतं. एकाचं दळण संपलं तरी दगडांच्या खाचांत, दगडांभोवतीच्या पेटीत, बाहीत थोडं पीठ उरतंच. ते पुढच्याच्या डब्यात जातं, त्याचं उरतं ते तिसऱ्याच्या. म्हणजे आख्ख्या मांडवीनं जातपात न बघता एकमेकांचं पीठ थोडं थोडं खाल्लेलं आहे. म्हणून तो प्रश्न. आणि म्हणून आमची रीत अशी की धान्य बदललं की नव्या धान्याच्या दोन मुठी आधी टाकायच्या आणि ते पीठ वेगळं काढायचं. ते गुरांना जायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक निवृत्त मास्तर घरून वजन करून आणायचे आणि दळून झाल्यावर, पीठ उडून किती कमी झालं, ते तोळ्यापर्यंत ऐकवायचे. एकानं एकदा सुका जवळा आणला होता, चटणीसाठी बारीक करून द्या म्हणून. त्याला मी पायरीही चढू दिली नाही. आषाढी-शिवरात्रीच्या आधी वरी आणि राजगिरा घेऊन बायका यायच्या. "काकू, उपासाचं आहे हां, गहू लागायला नको." मी ब्रश मारायचे, बाही झटकायचे, दोन मुठी काढायचे आणि छाती पुढे काढून सांगायचे, "निर्धास्त कर उपास." आता कळतं, माझ्या गिरणीत किती जणींचे उपास मोडले ते देवालाच माहीत. देव बिचारा बोलला नाही. ज्याला बोलणं भाग होतं ते एका सात वर्षांच्या मुलीचं पोट होतं.

तन्वी आमच्याच आळीतली. बाप बोटीवर, सहा-सहा महिने घरी नाही. घरात आई प्रणाली, आजी माई आणि ही. पोर लहानपणापासून किडकिडीत. हातपाय काड्या, पोट तेवढं पुढे, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. जंताची औषधं झाली, लोहाची झाली, दृष्ट काढून झाली. वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून रांगेत कायम पहिली. शेवटी इथल्या एका डॉक्टरांना शंका आली, त्यांनी रक्त तपासायला लावलं, मग कोल्हापूरला नेऊन तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा तपासला. निदान आलं, सिलिॲक.

ते नाव माझ्या तोंडात बसायलाच आठवडा गेला. प्रणालीनं मला समजावलं ते असं: गव्हात आणि जवात ग्लूटेन नावाचं एक चिकट प्रथिन असतं. कणीक ताणली की तुटत नाही ती त्याच्यामुळे. काही माणसांच्या शरीराला ते चालत नाही. ते पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, आतड्याच्या आतली बारीक लव झडून जाते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही. जन्मभर गहू बंद, एवढंच औषध. आणि बंद म्हणजे चिमूटभरही नाही.

मी हसलेच होते. "अगो, एवढंच ना? आपण भातखाऊ माणसं. तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळी. आपल्याला गहू हवाय कुणाला?"

पण प्रणाली घरी जाऊन डबे उघडायला लागली तेव्हा आम्हा दोघींचे डोळे उघडले. शाळेच्या डब्यात पोळी. चहाबरोबर टोस्ट. मासे तळताना वरून रवा. मेतकुटात गहू. हिंगाच्या डबीत, चष्मा लावून वाचलं तर, हिंगापेक्षा पीठच जास्त. सत्यनारायणाचा प्रसाद तर रव्याचाच. प्रसादाला नाही म्हणायचं पोरीनं कसं, यावरून आळीत दोन दिवस चर्चा झाली. तांदळाच्या मुलखात राहून आमच्या घराघरांत गहू कधी जाऊन बसला ते आम्हाला कळलंच नव्हतं.

प्रणालीनं सगळं बदललं. तवा वेगळा, पोळपाट वेगळा, चाळण वेगळी. हिंग बंद. आणि महिन्याचं तांदळाचं आणि नाचणीचं पीठ माझ्याकडे. "काकू, तुमच्यावर सोडलंय," म्हणाली. एवढं म्हटल्यावर मी काय कमी करणार? मी ठरवलं, ह्या पोरीचं दळण असं करायचं की रत्नागिरीत कुणी केलं नसेल.

आता टाकीबद्दल सांगायला हवं. दगड फिरून फिरून गुळगुळीत होतात. मग वरचा दगड उचलून छिन्नी-हातोडीनं त्याच्या खाचा पुन्हा उठवायच्या, त्याला टाकी मारणं म्हणतात. हे काम मला आमच्या ह्यांनी शिकवलं, आणि स्वतःच्या तोंडानं सांगू नये पण माझा हात त्यांच्यापेक्षा हलका होता. टाकी मारलेल्या दगडातून पहिल्यांदा दगडाची बारीक कच निघते. तसंच दळलं तर भाकरी दाताखाली कचकचते. म्हणून टाकीनंतर आधी पायलीभर जुने गहू दळून टाकायचे. गव्हाचं पीठ चिकट, ते कच गोळा करून घेऊन बाहेर पडतं. तांदूळ तसा धरत नाही. ही त्यांची शिकवण.

सोमवारी गिरणी बंद असायची. तन्वीचं दळण मी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी पहिलं घ्यायचे. त्याआधीच्या सोमवारी टाकी मारायची, पेटी ब्रशनं स्वच्छ करायची, पायलीभर गहू दळून कच काढायची, पुन्हा ब्रश, बाही झटकायची आणि सकाळी दोन मुठी तांदूळ काढून मग तिचं दळण. आख्ख्या महिन्यात सगळ्यांत बारीक, सगळ्यांत शुभ्र पीठ तिचं. डबा द्यायला मी स्वतः जायचे. तन्वी दार उघडून ओरडायची, "गिरणीकाकू आल्या!"

वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. जो आकडा खाली यायला हवा होता तो होता तिथेच. पोरीचं वजन तसंच, पोट दुखणं तसंच. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू जातोय. प्रणाली रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"काकू, राग मानू नका. पण पिठात तर काही..."

राग मानू नका म्हटलं की मला आधी राग येतो. मी म्हटलं, "माझ्या दगडावर हात ठेवून शपथ घेते. तुझ्या लेकीसाठी मी टाकी मारून दळते, टाकी! माझ्या गिरणीत नाही. घरात बघ." इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण तोंडाला लगाम नाही. पुढे म्हटलं, "म्हाताऱ्या माणसांना हे पथ्य पटत नाही गो. लाडानं देतात काहीतरी हातावर."

माईंना चहाबरोबर टोस्ट लागायचा. त्यांनी तो आपल्या खोलीत वेगळ्या डब्यात ठेवला होता, तन्वीला लागू नये म्हणूनच. प्रणालीनं घरी जाऊन तो डबा उघडला. मग काय झालं ते मी शेजारणीकडून ऐकलं. माई सांगत होत्या, "मी पोरीला काय्येक दिलेलं नाय. माजी शप्पत." प्रणाली म्हणाली, शपथेनं रक्तातला आकडा खाली येत नाही. ती मुळात वाईट मुलगी नव्हे. सहा महिने एकटीनं झुंजून मेटाकुटीला आलेली होती, आणि बोट दाखवायला कुणीतरी हवं होतं. ते बोट कुठे दाखवायचं ते मी सांगून ठेवलेलं.

दोन दिवसांनी माई पिशवी घेऊन लांज्याला लेकीकडे निघाल्या. एस.टी. स्टँडवर जाताना गिरणीशी थांबल्या. मी बाही बांधत होते.

"वैनी, तुमी प्रणालीला माज्याबद्दल काय सांगितलात काय?"

"मी काय सांगणार?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग "बरा" म्हणाल्या आणि गेल्या. आयुष्यात मी थोडंफार खोटं बोलले असेन, पण तेवढं एक घशात अजून अडकलेलं आहे.

माई गेल्यावर घरात टोस्टचा कणसुद्धा नव्हता. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा तसाच.

मग प्रणाली हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंना घेऊन गिरणीत आली. पंचविशीतली पोरगी, पाठीला सॅक. मी तिला मोठ्या अभिमानानं सगळं दाखवलं. टाकी, ब्रश, बाही, दोन मुठी. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काकू, टाकीनंतर काय दळता म्हणालात?"

"गहू. पायलीभर. कच जायला."

बाहीला हात लावून तिनं बोटं माझ्यापुढे धरली. पांढरी झाली होती. "ही बाही धुता?"

"पिठाची बाही कुणी धुवत नाही. ओली राहिली तर बुरशी धरते. तुम्ही पुस्तकं वाचा, गिरणी मला शिकवू नका," असं म्हणून मी दोघींनाही बाहेर काढलं. दोन मुठी काढल्यावर काय राहतं? काही राहत असतं तर एवढ्या वर्षांत मला दिसलं नसतं?

'दिसलं नसतं' हे शब्द मात्र डोक्यातून जाईनात. गव्हाचं पीठ पांढरं, तांदळाचंही पांढरं. पांढऱ्यात पांढरं मिसळलं तर दिसणार काय?

पुढच्या सोमवारी टाकी मारली आणि गव्हाऐवजी पायलीभर नाचणी दळली. लाल नाचणी. मग सगळं रीतसर केलं, जसं तन्वीच्या दळणाला करायचे तसं. ब्रश मारला. बाही झटकली. दोन मुठी तांदूळ टाकून काढले. आणि मग घरचे पांढरे तांदूळ ओतले. पहिलं किलोभर पीठ उघड उघड गुलाबी आलं. मी म्हटलं, येणारच, थोडं असणारच. दुसरं किलो कागदावर पसरलं तर लाल ठिपके. तिसऱ्यात ठिपके. पाचव्या किलोतही, खिडकीशी नेऊन बघितलं तर, होतेच. तन्वीचं महिन्याचं दळणच पाच किलोचं असायचं.

मी त्या कागदापुढे खाली बसले. आठ महिने मी त्या पोरीला माझ्या हातानं, जीव लावून, गहू खाऊ घालत होते. बाकीच्यांच्या दळणापेक्षा तिच्याच दळणात जास्त, कारण टाकीचे गहू खास तिच्यासाठी. आणि त्याची शिक्षा लांज्याला माई भोगत होत्या.

तसाच कागद घडी करून प्रणालीकडे गेले. तिला लाल ठिपके दाखवले, सगळं सांगितलं, माईंबद्दल मी काय बोलले होते त्याचीही पुन्हा आठवण करून दिली, आणि माईंशी खोटं बोलले तेही सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "काकू, आता मी माईंना कुठल्या तोंडानं बोलवू? त्या माझा फोन पण उचलत नाहीत."

"तू राहू दे. आधी मी जाते," मी म्हटलं. "आग मी लावली."

तन्वीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. प्रणालीनं घरघंटी घेतली, घरात दळायची छोटी गिरणी. तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही. पुढच्या तपासणीला आकडा उतरला, त्याच्या पुढच्याला आणखी उतरला. पोर अशी वाढली की वर्षात दोनदा गणवेश बदलावा लागला. आता ती रांगेत मध्ये कुठेतरी उभी राहते, आणि गणपतीत मोदक मोजून खात नाही. माई परत आल्या, पण लगेच नाही. मध्ये शिमगा गेला, मे महिना गेला. सासूसुनेचं आता बरं आहे. पूर्वीसारखं आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

आणि मी गिरणीच्या दारावर पाटी लावली: इथे गहू दळला जातो. गव्हाचं कडक पथ्य असेल त्यांनी इथे दळण टाकू नये. आपल्याच दारावर येऊ नका म्हणून लिहिणारी मीच पहिली असेन. उपासवाल्यांनी कुजबुज केली, मास्तरांनी पाटीतली शुद्धलेखनाची चूक काढली. गिरणी बंद होईपर्यंत पाटी होती.

लांज्याला गेले तो दिवस राहिला सांगायचा.

दुपारची वेळ होती. माईंची लेक काजूच्या कामाला गेलेली. माई पडवीत बसल्या होत्या आणि लेकीची दीड-दोन वर्षांची मुलगी त्यांच्या भोवती रांगत-धरत खेळत होती. पुढ्यात ताटलीत मऊ भात होता. पोर सारखी तोंड वासून "आ, आ" करत होती, आणि माई ताटली तिच्याकडे सरकवून म्हणत होत्या, "तुज्या हातान खा गो बाय, तुज्या हातान." पोर ती ताटली उलटी करायच्या बेतात. दीड वर्षांच्या मुलाला हातानं जेव म्हणणारी आजी मी कधी पाहिली नव्हती.

मला बघून त्या उठल्या नाहीत. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. नाचणीचं, ठिपक्यांचं, टाकीच्या गव्हाचं. मग म्हटलं, "आणि माई, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुमचं नाव प्रणालीच्या डोक्यात मीच घातलं. तुमचा काहीएक दोष नाही. सगळं माझ्या गिरणीतलं होतं."

त्यांनी विचारलं, "सगळा?"

"सगळं."

"टोस्ट खाल्लेला हात माजा पोरीला लागला असंल, तसा पन नाय?"

"नाही हो माई."

"मी रोज आठवत बसायचे," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम दिलेलं नाय ता मला म्हाईत होता. पन आकडा आला तो खोटा कसा असंल? मंग वाटाय लागला, माज्या हातालाच काय तरी हाय. हिकडं आले तशी ह्या पोरीला पन हातान भरवलं नाय मी. कोन सांगावा, हिला पन बाधला तर."

मला वाटलं होतं त्या शिव्या देतील, आणि त्या ऐकायच्या तयारीनं मी गेले होते. माफ करा म्हणाले. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

त्या उठल्या, मोरीवर गेल्या आणि हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. परत आल्या, माझ्याकडे पाठ करून बसल्या, पोरीला मांडीवर घेतलं. भात कालवला, लहानसा घास केला. हात थोडा थांबला. मग त्यांनी तो घास पोरीच्या तोंडात घातला.

मला त्यांनी पाणी विचारलं नाही. न विचारणंच योग्य होतं. मी चपला घातल्या आणि स्टँडकडे चालू लागले. मागे पोर पुढच्या घासासाठी "आ" करत होती.